पणजीचा दाखला

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘दलित स्त्री आणि इतिहास’. विषय एवढा मोठा की त्यात कुणीही काहीही बोलून सुटू शकतो. सावित्रीबाईंपासून सुरुवात करायची, मुक्ता साळवेचं नाव घ्यायचं, महाडच्या तळ्यावर यायचं, टाळ्या घ्यायच्या आणि चहाला उठायचं. अशी भाषणं तुम्ही ढीगभर ऐकली असतील. आज मी एकाच बाईबद्दल बोलणार आहे आणि ती माझ्या घरातली आहे. पण आधी एक प्रश्न. तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव काय? माहीत असेल त्यांनी हात वर करा.

चार हात. सत्तर माणसं बसलीत आणि चार हात. आता बापाच्या बाजूचं विचारते. पणजोबाचं नाव? बघा, जवळपास सगळे हात वर.

हे कसं झालं सांगू? आपल्याला पूर्वजांचं फार प्रेम आहे म्हणून नाही झालं. जात पडताळणीच्या फायलीमुळे झालं. अनुसूचित जातीसाठी सरकार १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतं. त्या तारखेच्या आधी तुमची माणसं कुठं होती, कोण होती, दाखवा. मग आपण वंशावळ काढतो. बाप, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा. कागदावर ती लिहून देतो. त्या झाडाला आईची फांदी नाही. तुमच्या आजीच्या शाळेचा सन १९३० चा दाखला तुम्ही नेलात आणि ती आईकडची आजी असली, तर खिडकीतला माणूस म्हणतो, हा नको, वडिलांकडचा आणा. म्हणजे बघा, घरचा इतिहास शोधायला सरकारनंच आपल्याला लावलं, तोही निम्मा. उरलेला निम्मा आपण होऊन सोडून दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव लागणार, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. चांगलं झालं. पण १९२४ च्या बाईचं काय? ती कोण लिहिणार?

मुक्ता साळवेचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेत शिकली, तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपण तो निबंध वाचतो, पोस्टर करतो. पण त्या पोरीचं पुढं काय झालं? लग्न झालं का, पोरंबाळं झाली का, पुन्हा कधी हातात लेखणी धरली का? छापलेला एक कागद राहिला आणि बाई गडप झाली. जिचा निबंध छापून आला तिची ही गत. मग जिनं आयुष्यभर नुसता अंगठा उठवला तिची काय असेल?

तर माझी पणजी. आईच्या आईची आई. तिच्यामागं मी तीन वर्षं लागले होते. रजा काढून, एस.टी.नं, खिचडी खाऊन. तिचं नाव मी आज मुद्दाम सांगत नाही. तुम्ही ऐकताना तिथं आपापल्या पणजीचं नाव घाला. ज्यांना नाव माहीत नाही त्यांनी जागा मोकळी ठेवा आणि ती मोकळी जागा टोचू द्या.

आमच्या घरात तिच्या चार गोष्टी होत्या. लहानपणापासून ऐकलेल्या. पहिली : पणजोबा गावी प्लेगात गेला, तेव्हा आईचा मामा पोटात होता, दोन पोरं घेऊन पणजी पायी मुंबईला आली. दुसरी : ती गिरणीत साचे चालवायची, पुरुषांच्या बरोबरीनं. तिसरी : ती महाडला होती, चवदार तळ्याचं पाणी प्यायली. चौथी : तिनं नागपूरला बाबासाहेबांच्या समोर धम्म घेतला.

सोन्यासारख्या गोष्टी. अशी पणजी कुणाला नको? मी त्या चार मीटिंगांत सांगितल्या असत्या तर कुणी शंका घेतली नसती. पण आपण स्वतःला बौद्ध म्हणवतो ना? कालामांना बुद्धानं काय सांगितलं होतं? परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा गुरू आहे म्हणूनसुद्धा मानू नका. हे आपण भटाच्या पोथीला लावतो. आजीच्या पोथीला का लावत नाही? एहि पस्सिको म्हणजे ये आणि बघ. मी बघायला गेले.

गावापासून सुरू केलं. घाटावरचं गाव. तिथलं जन्ममृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना नंबर चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. अर्ज, तिकीट, चिठ्ठी, उद्या या, साहेब नाहीत. पाचव्या खेपेला रुमाल सोडला. आतले बरेचसे कागद मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना बरोबर घेऊन बसले. पानं हातात तुटतात. वाळवीनं खाल्लेल्या जागी कुणाचा तरी बाप गेलेला असतो.

पणजोबा सापडला. ऑक्टोबर १९१८. नाव, बापाचं नाव, जात महार, वय २८, रोग : ताप. त्याच्या वर ताप, खाली ताप. त्या महिन्यातलं पान न् पान तापानं भरलेलं. हा प्लेग नव्हे. ही १९१८ ची मानमोडी, इन्फ्लुएन्झा. सरकारी नोंदीत त्या वर्षी बहुतेक ठिकाणी नुसता ताप लिहिला गेला, कारण लिहिणाऱ्याला त्या आजाराचं नाव माहीत नव्हतं. घरच्या गोष्टीत त्याचा प्लेग झाला, कारण मोठी साथ म्हटली की आपल्या लोकांच्या तोंडी प्लेगच येतो. मुंबईत १८९६ ला आला आणि पुढं किती वर्षं जाईना. तेव्हा म्हातारी खोटं बोलली असं म्हणता येत नाही. साथ खरी, मरण खरं, फक्त नाव बदललं. पण नाव बदललं की साल बदलतं, आणि साल बदललं की अख्खी बाई वीस वर्षं मागं सरकते.

मग आजीचा जन्म शोधला. सापडला, १९१७. काय लिहिलंय ऐका. बापाचं नाव, जात, मुलगी. झालं. पोरीचं नाव नाही. जिच्या पोटातून ती आली तिचं तर नाहीच नाही. नऊ महिने जिनं वागवलं तिला त्या रजिस्टरात रकानाच नाही. आणि गंमत बघा, गावात जन्ममरणाची वर्दी चावडीवर न्यायची कुणी? आपल्याच माणसानं. परगावी मरणाचा सांगावा न्यायचा तोही महारानंच. सगळ्या गावाच्या बाळंतपणांची आणि मरणांची खबर आपण पायपीट करून दिली आणि आपल्या बायकांचं नाव कागदावर चढलं नाही.

तिचं नाव मला पहिल्यांदा दिसलं ते जमिनीच्या कागदात. लक्षात ठेवा, बाई कागदात बहुतेक तेव्हाच येते जेव्हा तिला कुठून तरी काढायचं असतं. हाडकी-हाडवळ्याची जमीन होती. महार वतन. पणजोबाच्या तक्षिमेचा एक तुकडा. तो मेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं : अमकी कोम तमका महार. कोम म्हणजे बायको. पुरुष असला तर बिन, म्हणजे मुलगा. पुरुष बापाचा, बाई नवऱ्याची. तिचा बाप कोण, माहेर कुठलं, कागदाला गरज नाही. पुढं १९२१ सालचा एक फेरफार. मयताची विधवा पाट लावून गेली, सबब तिचं नाव कमी करून मयताच्या भावाचं नाव दाखल. खाली पंचांचे अंगठे.

आता ह्या एका ओळीत किती कायदा भरलाय बघा. वतनाच्या कायद्यात १८८६ साली दुरुस्ती झाली. वतनदार घराण्यातल्या बायका वारसाहक्कात सगळ्या पुरुषांच्या मागं ढकलल्या. अपवाद एक : शेवटच्या पुरुष मालकाची विधवा. म्हणजे माझ्या पणजीला सरळ हाकलता येत नव्हतं. मग रस्ता कुठला? १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, ज्याचं आपल्याला शाळेत कौतुक शिकवतात. त्याच कायद्यात दुसरं कलम आहे : विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला, जणू ती त्या दिवशी मेली. वरच्या जातींतल्या विधवेला त्या कायद्यानं नवरा दिला. आमच्यात तर पाट आधीपासून होताच, कायद्याची वाट बघत कुणी बसलं नव्हतं. आमच्या बाईला त्या कायद्यानं दिलं काय? जमीन काढून घ्यायचं हत्यार, तेही तिच्याच दिराच्या हातात.

हा फेरफार घेऊन मी घरी आले तेव्हा आईनं हात जोडले. म्हणाली, बाई, हे बाहेर काढू नको. माझ्या आजीनं पाट लावला नव्हता. ती विधवाच राहिली, पोरांसाठी झिजली. मावशी म्हणाली, मेलेल्या म्हातारीची अब्रू चव्हाट्यावर आणतेस? मामा म्हणाला, तेवढी ओळ सोडून दे ना, बाकी लिही. एक लक्षात घ्या, घरातलं कुणीही जमीन कशी गेली हे विचारत नव्हतं. सगळ्यांना पडली होती ती पाटाची.

मी म्हटलं, थांबा. आधी खरं काय ते बघू. कागद म्हणतो पाट लावला, घर म्हणतं लावला नाही. दोन साक्षीदार आमनेसामने. मग तिसरा साक्षीदार शोधायचा.

तो मुंबईत सापडला. आजी म्युनिसिपालिटीच्या शाळेत जात होती. शाळेच्या जनरल रजिस्टरात १९२५ सालची तिची नोंद आहे. पालकाच्या रकान्यात बापाचं नाव नाही, आईचं आहे. पुढं लिहिलंय, विधवा. धंदा, गिरणीत मजुरी. पत्ता, बी.डी.डी. चाळीचा, तिच्या भावाच्या खोलीचा. म्हणजे १९२१ साली गावच्या कागदानं जिचा पाट लावून टाकला, ती १९२५ साली मुंबईत विधवा म्हणून पोरीला शाळेत घालत होती. गावचा कागद खोटा. दिरानं सांगितलं, पंचांनी अंगठे दिले, लिहिणाऱ्यानं लिहिलं. बाई मुंबईला, विचारणार कोण? शंभर वर्षं तो खोटेपणा सरकारी शिक्क्यासकट रुमालात बांधून सुखानं पडला होता.

मी आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. बघ, मी म्हणत नव्हते? पण मी तिला म्हटलं, अजून एक कागद आहे. आईच्या मामाचा जन्मदाखला, मुंबई म्युनिसिपालिटीचा. साल १९२९. आणि बापाचं नाव वेगळं.

पणजोबा १९१८ ला मेला, मामा १९२९ ला जन्मला. अकरा वर्षं कोणी पोटात राहत नाही. म्हणजे पणजीनं पाट लावला होता. पण जमिनीसाठी दिरानं ठरवला तेव्हा लावला नाही. कमीत कमी सात वर्षं एकटी राहिली, पोर वाढवली, आणि मग आपल्या मनानं दुसरा माणूस केला. गावचा कागद खोटा होता आणि घरची गोष्टही खोटी होती. कागदानं तिला लवकर लग्नाला उभं केलं, जमीन खायला. घरानं तिला जन्मभर विधवा ठेवलं, अब्रू राखायला. दोघांनी मिळून तिच्या आयुष्यातली दहाएक वर्षं गिळली.

मला सांगा, पाटाची लाज आपल्याला कुणी शिकवली? आपल्या आज्यांच्या काळात पाट होता, काडीमोड होता. नवरा मेला म्हणून डोकं भादरून कोपऱ्यात बसायची चाल आपली नव्हती, ती त्यांची. ज्यांच्या पोरींना जोतिबा-सावित्रीनं बाळहत्या प्रतिबंधक गृह काढून वाचवलं, त्यांची चाल. आणि आपण काय केलं? शिकलो, नोकरीला लागलो, फ्लॅट घेतला आणि पणजीला मेल्यानंतर सोवळी करून टाकली. मनुस्मृती महाडला जाळली म्हणतो. तिची राख घरात सांडलीय ती कोण झाडणार?

मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. आई बोलते. परवा तिनं होऊन विचारलं, दुसरा आजा कसा होता ग, काही कळलं का? एवढं झालं तरी मला पुष्कळ झालं.

आता गिरणीची गोष्ट. ती गिरणीत होती हे शाळेच्या रजिस्टरानं सांगितलं. साचे चालवायची हे मात्र पटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्यांना घेतच नव्हते. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा, बाटायचं ना! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारला होता. कामगार सगळे एक म्हणता, मग साचेखात्याचं दार आमच्यासाठी बंद का? आणि बायका असायच्या त्या रिळं भरायच्या खात्यांत. तेव्हा पणजी रिळांवर असणार. गिरणीचे मस्टर कधीच रद्दीत गेले. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, तिच्या कामाच्या दिवसांत तोही नव्हता. पण बघा, घरच्यांनी तिला साच्यावर बसवलं ते का? कारण साचेवाल्याला मान होता. ज्या दारातून तिला आत जाऊ दिलं नाही, त्या दारातून आपण तिला गोष्टीत आत नेलं. त्यांच्या मनाला बरं वाटलं. पण गोष्ट अशी गोड केली की ते दार बंद होतं हेच पुसून जातं. अन्यायाचा पुरावाच आपण आपल्या हातानं नष्ट करतो.

तिसरी गोष्ट महाडची. इथं माझे हात कापत होते. कागद नाही. हजारो माणसं होती, प्रत्येकाचं नाव कोण लिहिणार? मग काय करायचं? गोष्टच उलटतपासायची. आजी सांगायची ते मी आईकडून, मामाकडून, मावशीकडून वेगवेगळं लिहून घेतलं. तिघांच्याही सांगण्यात तीन तपशील होते. बोटीनं गेलो आणि दासगावला उतरलो. बाबासाहेबांनी बायकांना लुगडं घोट्यापर्यंत नेसा, गिलटाचे दागिने टाका असं सांगितलं. आणि पाणी प्यायलो.

आता बघा. महाडला दोनदा परिषद झाली. मार्च १९२७ मध्ये १९ आणि २० तारखेला. तळ्याचं पाणी प्यायले ते २० मार्चला. दुसरी डिसेंबरात. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या वेळी मुंबईहून बाबासाहेब आणि प्रतिनिधी बोटीनं दासगावला उतरले, तिथून महाड. बायकांपुढचं ते लुगड्याचं भाषण डिसेंबरातलं. आणि डिसेंबरात कुणीही पाणी प्यायलं नाही, कारण सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता. पाण्याला हात न लावता मिरवणूक काढली. तो खटला पुढं हायकोर्टात १९३७ च्या मार्चपर्यंत चालला आणि आपण जिंकलो. तेव्हा बोट आणि लुगडं डिसेंबराचं, पाणी मार्चचं. गोष्टीत दोन्ही एकत्र झालं.

तेव्हा मी असं धरते की पणजी डिसेंबरात गेली होती. हे सांगणारी माझी आजी तेव्हा दहा वर्षांची होती. दहा वर्षांच्या पोरीला बोट लक्षात राहणार, आणि आईनं हातातल्या वाक्या काढून टाकल्या हे लक्षात राहणार. ठराव लक्षात राहणार नाहीत. म्हणून ते दोन तपशील मी खरे मानते. पाणी मागाहून मिसळलं असणार, दरवर्षी २० मार्चची भाषणं ऐकून ऐकून. आणि सालं जुळवलीत तर आणखी एक गोष्ट निघते. १९२७ ला तिचा पाट झाल्याचा कुठलाच माग नाही. म्हणजे दहा वर्षांची पोर घेऊन एक विधवा गिरणीकामगार बाई थंडीत बोटीत बसून महाडला गेली. घरच्या गोष्टीत ती ‘सगळ्यांबरोबर’ गेली होती. पाणी प्यायली नाही म्हणून ती कमी झाली का? माझ्या लेखी तर वाढली.

चौथी गोष्ट नागपूरची. ती बोलायला जड जातं. म्युनिसिपालिटीच्या मृत्यूच्या रजिस्टरात पणजीचा मृत्यू १९५४ चा आहे. नाव दुसऱ्या नवऱ्याच्या नावानं लावलेलं, म्हणून ते कुणाला सापडतही नव्हतं. धर्माच्या रकान्यात हिंदू. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपूरला नव्हती, कारण ती या जगातच नव्हती. गिलटाच्या वाक्या काढून टाकल्या, पोरीला शाळेत घातलं, सत्तावीस वर्षं बाबासाहेबांच्या मागं चालली आणि दोन वर्षं आधी मेली. कागदावर हिंदू म्हणून. घरच्यांना ते सोसलं नाही. त्यांनी तिला नागपूरला नेलं. १९६१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांच्या वर बौद्ध मोजले. त्या प्रत्येक घरात एखादी अशी असेल, जी दारापर्यंत आली आणि राहून गेली. त्यांची यादी कुणी केली? त्यांना खोट्यानं नागपूरला नेलं की ती यादी कधीच होणार नाही.

मित्रांनो, कुणी म्हणेल हे घरगुती आहे, यात चळवळ कुठं आली? २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. जिल्ह्याजिल्ह्यातल्या रेकॉर्ड रूम उघडल्या. कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, मोडीतले रुमाल, सगळं बाहेर आलं. कुणबी नोंदी शोधायला कर्मचारी लावले, मोडी वाचणारे बोलावले, कागद स्कॅन केले. त्या मागणीवर आज मी बोलत नाही. मी एवढंच दाखवते की दप्तर उघडायचं ठरवलं तर सरकारला ते काही महिन्यांत उघडता येतं. आपल्याला त्याच दप्तरात पाचव्या खेपेला शिरता येतं. त्याच रुमालात आपली वतनं कशी गेली ते आहे. १९५८ च्या कायद्यानं महार वतनं संपली, पण त्याआधी कुठल्या बाईचं नाव कोणत्या कारणानं कमी झालं, ते एकेका फेरफारात लिहिलेलं आहे. हे कागद आपण वाचले नाहीत तर ते फक्त त्यांचेच साक्षीदार राहतील.

म्हणून आता कामाचं बोलते. वह्या काढा.

पहिलं, आधी माणसं, मग कागद. कागद थांबेल, म्हातारी थांबणार नाही. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडून गोष्ट वेगवेगळी लिहून घ्या, सगळ्यांना एकत्र बसवू नका. एकत्र बसले की जो मोठ्यानं बोलतो त्याचीच गोष्ट खरी होते, आणि तो बहुतेक पुरुष असतो. सांगणारा त्या वेळी कुठं होता, किती वर्षांचा होता, हे गोष्टीच्या शेजारी लिहा. साल विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. विचारा, तेव्हा कोण पोटात होतं, कोणती साथ होती, कोणता संप होता, दुष्काळ कोणता.

दुसरं, बाईला एका नावानं शोधू नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, कोम लावून, बाई लावून, दुसऱ्या नवऱ्याचं नाव लावून शोधा. तिचे भाऊ शोधा. माझी पणजी मला तिच्या भावाच्या खोलीच्या पत्त्यावर सापडली.

तिसरं, कागद कुठं आहेत ते माहीत करून घ्या. कोतवाल बुक आणि जुने फेरफार तहसीलला. शाळेचं जनरल रजिस्टर शाळेत, शाळा बंद पडली असली तर तिचं दप्तर कुठल्या शाळेत गेलं ते विचारा. मुंबईत जन्ममृत्यू वॉर्ड ऑफिसात. जुनं सरकारी दप्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुराभिलेखागारात. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाही म्हणाले तर ते ‘नाही’ लिहून मागा. २००५ चा माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. आणि इथल्या चारपाच जणांनी तरी मोडी शिका. किती दिवस दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपला बाप वाचणार?

चौथं, कागदाला देव मानू नका. तो कुणी लिहिला, कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, त्यात कुणाचा फायदा होता, हे प्रत्येक कागदाला विचारा. एका कागदावर विसंबू नका. १९२१ चा फेरफार तेवढा मी वाचला असता आणि १९२५ चं रजिस्टर बघितलं नसतं, तर माझ्या पणजीच्या दिरालाच मी इतिहासकार केलं असतं.

पाचवं, जे निघेल ते सांगा. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव हिंडून चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ काढलं. तेव्हा त्या बायका जिवंत होत्या म्हणून ते झालं. आपल्यासाठी उरल्यात त्या त्यांच्या मुली आणि नाती. घरात भांडण होईल. होऊ द्या. पाट निघेल, मुरळी निघेल, कुणाच्या दारी पडून राहिलेली निघेल, खोटी साक्ष दिलेला आपलाच माणूस निघेल. आपली बाई देवी निघाली नाही म्हणून ती वगळायची असेल, तर आपल्यात आणि पुराणं लिहिणाऱ्यांत फरक काय राहिला?

पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे. प्रत्येकानं एका बाईचं एक पान लिहून आणायचं. आईकडची बाई. ऐकलेलं डाव्या बाजूला, कागदात सापडलेलं उजव्या बाजूला, आणि जिथं दोन्ही जुळत नाही तिथं खाली रेघ मारायची. रेघ खोडून आणू नका. आपण त्या रेघांवर बोलणार आहोत.

जय भीम.